डाऊन स्लीपिंग बॅग, पहिल्या रात्रीची आणि पाचव्या रात्रीची: वापरानंतरचा अनुभव

आधी आकडे देऊन टाकते, कारण बॅग घेणारा प्रत्येक जण तेच विचारतो. 800 फिल पॉवरचं डाऊन (म्हणजे बदक-हंसांची मऊ पिसं), आत भरलेलं डाऊनही साधारण 800 ग्रॅमच, बॅगेचं एकूण वजन 1300 ग्रॅमच्या आसपास, लेबलवर कम्फर्ट उणे 10 आणि लिमिट उणे 17. ममी शेप, म्हणजे पायाकडे निमुळती होत जाणारी, झिप डावीकडे, गळ्याशी भरीव कॉलर, बाहेरचं कापड इतकं पातळ की आतली पिसं बोटाला जाणवतात. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण या वर्गातल्या बॅगा एकमेकींच्या इतक्या जवळपास आहेत की नाव बदललं तरी पुढचं सगळं तसंच्या तसं लागू पडेल. अख्खा सीझन ही बॅग बर्फातल्या कॅम्पवर वापरली, कधी दोन रात्रींपुरती तर कधी सलग आठवडाभर, आणि माझं मत असं झालंय की लेबलवरचा आकडा हा पहिल्या रात्रीचा असतो. पाचव्या रात्री तुमच्याकडे वेगळीच बॅग असते.

पहिल्या रात्रीबद्दल काही तक्रार नाही, उलट भारीच आहे. पिशवीतून काढून झटकून ठेवली आणि अर्धा-पाऊण तास तशीच सोडली की टम्म फुगते, आणि हे फुगू देणं महत्त्वाचं आहे कारण ऊब डाऊनची नसतेच, त्यात अडकलेल्या हवेची असते. फिल पॉवर म्हणजे एक औंस डाऊन किती घन इंच जागा भरतं एवढंच. 800 चा आकडा बघून लोक खूश होतात पण आत ते किती ग्रॅम भरलंय हे बघतच नाहीत, 650 फिलचं जास्त डाऊन भरलेली बॅगही तेवढीच उबदार असू शकते, फक्त वजनाला जड आणि घडीला मोठी होईल. दुकानात बघताना ग्रॅम विचारा. आणि कप्पे कसे शिवलेत तेही बघा, बाहेरचं आणि आतलं कापड थेट एकमेकांना शिवलेलं असेल तर त्या शिवणीच्या रेषेवर डाऊन नसतंच, गारठा तिथूनच आत येतो. बर्फात जायचं तर मधे उभ्या पातळ भिंती असलेले कप्पेच हवेत.

आता त्या कम्फर्ट आणि लिमिटबद्दल, कारण यात हमखास गोंधळ होतो. हे आकडे प्रयोगशाळेत गरम केलेल्या पुतळ्याला पातळ कपडे घालून, मॅटवर ठेवून काढतात. युरोपात त्याचं स्टँडर्ड 2002 मध्ये आलं, नंतर ते आंतरराष्ट्रीय झालं. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण बाई अंग सैल सोडून नीट झोपू शकेल असं तापमान, लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग आखडून कशीबशी झोप काढेल ते, आणि तिसरा एक एक्स्ट्रीम नावाचा आकडा असतो तो झोपेचा नाहीच, जिवंत राहण्याचा आहे, तोही हिमदंशाची शक्यता धरून. जाहिरातीत मात्र सगळ्यात थंड आकडाच ठळक छापलेला दिसतो. मी कम्फर्टच धरते, आणि माझ्या ओळखीतले काटक पुरुषसुद्धा दमलेले असले की कम्फर्टवरच येतात, कारण पुतळ्याची काही दिवसभर चढून भूक मेलेली नसते आणि उंचीवर डोकं दुखत नसतं. जिथे झोपायचंय तिथल्या उंचीचा हिशेब आधीच करून ठेवा, साधारण दर हजार मीटरला साडेसहा अंश उतरतात, वारा त्याच्यावर वेगळा.

मॅटशिवाय बॅगेचा रिव्ह्यू करणं हा फाजीलपणा आहे. अंगाखाली बॅगेतलं डाऊन चपटं होतं, तिथे ते असून नसल्यासारखंच, जमिनीपासून वाचवते ती फक्त मॅट. माझी पद्धत म्हणजे खाली घडीची फोम मॅट आणि वर हवा भरायची मॅट, दोघींच्या आर व्हॅल्यूची, म्हणजे गारठा अडवण्याच्या क्षमतेच्या आकड्याची, सरळ बेरीज होते. बर्फावर ही बेरीज पाचच्या वर हवी असं माझं मत. 2018 पासून आर व्हॅल्यू मोजायची एक सामायिक पद्धत आहे त्यामुळे आता दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून बघता येतात, आधी प्रत्येकाचं आपापलं गणित होतं. फोम मॅटला भोक पडलं तरी ती मॅटच राहते, म्हणून तिला सोडू नका, हवेची मॅट मध्यरात्री बसली तर उणे 30 ची बॅगही काही करू शकत नाही.

तर पाचवी रात्र. झोपेत अंगातून वाफ सतत बाहेर पडत असते, घाम आलाय असं वाटत नसलं तरी. ही वाफ डाऊनमधून बाहेर सरकते, बाहेरच्या थराजवळ गारठा लागला की तिथेच तिचं पाणी होतं आणि कडाक्याच्या थंडीत सरळ बर्फ. सकाळी बॅगेच्या पायाकडचा भाग चिमटीत धरून चुरगाळलात तर आत काहीतरी कुरकुरतं, बारीक साखरेसारखं, ते हेच. लगेज तोलायच्या छोट्या हुकाच्या काट्यावर मी बॅग निघताना आणि परतल्यावर तोलते, सलग थंड आणि ढगाळ दिवस लागलेल्या एका ट्रिपनंतर ती दीडशे ग्रॅमहून जास्त जड भरली. दीडशे ग्रॅम पाणी ऐकायला काही नाही पण ते जिथे असतं तिथलं डाऊन गोळा होऊन बसतं, उजेडात धरलं की कप्प्यात गुठळ्या आणि मधे रिकाम्या खिडक्या दिसतात. बॅग तीच, लेबल तेच, पण तुम्ही उणे 10 च्या नाही, उणे 3-4 च्या बॅगेत झोपलेले असता. आणि हो, माझ्या बॅगेत तो पाणी झटकणारा म्हणून विकतात तो हायड्रोफोबिक डाऊनच आहे, त्याने हे सगळं जरा सावकाश होतं आणि वाळतं लवकर, पण होत नाही असं नाही.

हा प्रकार नवा नाही. 1911 च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात ब्रिटिश संशोधक रॉबर्ट स्कॉटच्या मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझिअरला गेले, तेव्हा रेनडिअरच्या कातड्याच्या त्यांच्या बॅगा श्वासाने आणि घामाने इतक्या बर्फाळल्या की रात्री आत शिरायला त्या आधी अंगाच्या उबेने वितळवत वितळवत जावं लागायचं. आपल्याला तेवढं कोणी सांगितलेलं नाही, पण भौतिकशास्त्र तेच आहे.

मग करायचं काय. एक म्हणजे श्वास बॅगेत सोडायचा नाही. थंडी वाजली की नाकासकट आत शिरावंसं वाटतं, पण रात्रभराच्या श्वासाचं पाणी सगळं कॉलरच्या डाऊनमध्ये जातं, त्यापेक्षा हूड आवळून नाकतोंडापुरतं भोक ठेवा आणि नाकावर बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) ओढा, बफ भिजला तर भिजू दे. दुसरं, ऊन आलं की दहा मिनिटं मिळाली तरी बॅग उलटी करून तंबूवर टाका, आतलं अस्तर काळं असेल तर फार फरक पडतो, माझ्या बॅगेची ही एक गोष्ट मला मनापासून आवडली. उठल्या उठल्या बॅगेतली गरम दमट हवा दाबून बाहेर काढा, नाहीतर ती तिथेच थंड होऊन आत बसते. पायाचा भाग तंबूच्या भिंतीला टेकतो आणि तिथलं दव शोषून घेतो, म्हणून रात्री मी बाहेरचं वॉटरप्रूफ जॅकेट चेन लावून पायाच्या टोकावर चढवते, साधा उपाय आहे पण सकाळी कोरडा पाय आणि ओला पाय यातला फरक तेवढाच असतो.

आठवड्याच्या ट्रिपला मात्र हे पुरत नाही, आणि इथेच माझा खरा सल्ला आहे: आणखी जाड डाऊन बॅग घेऊ नका, हीच ठेवा आणि वरून एक पातळ सिंथेटिक क्विल्ट, म्हणजे कृत्रिम तंतू भरलेलं पांघरूण, घाला. वाफेचं पाणी जिथे व्हायचं ती जागा मग क्विल्टमध्ये सरकते, सिंथेटिक ओलं झालं तरी फार बसत नाही, आणि आतलं डाऊन कोरडं राहतं. वजन वाढतं, सातशे-आठशे ग्रॅम धरा, पण क्विल्ट लावायला लागल्यापासून लांबच्या ट्रिपच्या शेवटच्या रात्रीही मी पहिल्या रात्रीसारखीच झोपते. क्विल्ट सैल हवी बरं का, बॅग दाबली गेली तर सगळा उद्योग वाया. दुसरा मार्ग व्हेपर बॅरिअर लायनरचा, म्हणजे आत प्लास्टिकसारखी पिशवी आणि त्यात तुम्ही, वाफ डाऊनपर्यंत पोचतच नाही. काम करतं शंभर टक्के, पण आत सगळं चिकट चिकट होतं, मला तरी उणे 20 च्या खाली गेल्याशिवाय ते सहन होत नाही.

कपडे काढून झोपलं की बॅग जास्त गरम लागते हे कोणीतरी एकदा पसरवलंय आणि ते मरतच नाही. कोरडे कपडे घाला, जेवढे आत सैल मावतील तेवढे. ओले कपडे मात्र आत घेऊ नका, ओलसर हातमोजे किंवा मोजे छातीशी ठेवून वाळवणं ठीक आहे, पिळून पाणी निघेल असलं काही घेतलंत तर ते पाणी वाळून कुठे जाणार, डाऊनमध्येच ना. डबल बूटचे लायनर (आतले सुटे उबदार बूट) आत घ्यायचेच, पिशवीत घालून पायाशी, सकाळी गोठलेल्या लायनरमध्ये पाय घालणं म्हणजे दिवसाची सुरुवातच बधिर बोटांनी. सन क्रीम, हेडटॉर्चच्या बॅटऱ्या, फोन, गॅसचा कॅनिस्टर, सगळी वस्ती रात्री आत असते, म्हणून बॅग घेताना स्वतःच्या उंचीपेक्षा थोडी लांब घ्या, पण फार नको, रिकामी जागा तुम्हालाच गरम करावी लागते. कॅनिस्टरचं कारण असं की ब्यूटेन साधारण शून्याच्या आसपासच उकळतं, आयसोब्यूटेन उणे 12 च्या जवळ, प्रोपेन उणे 42, त्यामुळे मिश्रणाचा गॅस असला तरी गोठलेल्या कॅनिस्टरमधून आधी प्रोपेन निघून जातो आणि मग शेवटी शेवटी स्टोव्ह नुसता पुरपुरतो. आणि तंबू बंद करून आत स्टोव्ह पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गरम पाण्याची बाटली हा सगळ्यात स्वस्त हीटर. रुंद तोंडाची जाड प्लास्टिकची हवी, झाकण आवळून उलटी धरून बघा, मगच आत घ्या, आणि पायाशी न ठेवता मांड्यांच्या मधे ठेवा, तिथून मोठ्या रक्तवाहिन्या जातात त्यामुळे पायही आपोआप गरम होतात. सकाळी तेच पाणी प्यायला. दिवसा बाटली उलटी ठेवायची, बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो, म्हणजे झाकण मोकळं राहतं. लघवीला लागली की दाबून पडून राहू नका, झोप तशीही येत नाही, बायकांसाठी फनेल मिळतात, वेगळी बाटली ठेवा आणि अंधारातही हाताला ओळखू येईल अशी खूण करा, मी तिच्या गळ्याला रबरबँडचा जाड थर गुंडाळलाय.

पाय गार पडणं वेगळं आणि बधिर होणं वेगळं, एवढं मात्र बॅगेच्या भरवशावर सोडू नका. बोटं पांढुरकी, मेणासारखी दिसली आणि स्पर्श कळेनासा झाला तर चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही. सोबत्याच्या पोटाशी पाय लावा, लाज बाळगू नका. खोलवर गोठलेला भाग पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वाटेत वितळवायचा नाही, खाली सुरक्षित जागी पोचल्यावर 37 ते 39 अंशांच्या पाण्यात, आणि डॉक्टर. कोणी कुडकुडायचं थांबलं आणि बरळायला लागलं तर बरं वाटतंय असं समजू नका, ती बिघडल्याची खूण आहे.

आता बॅगेच्या खोड्या. झिप. पातळ कापड झिपच्या दात्यात अडकतं आणि ते नेमकं रात्री, हातमोजे घातलेले असताना. आतल्या बाजूने दोन बोटं झिपच्या मागे सरकवत ओढली तर अडकत नाही, पण झिपशेजारी कडक पट्टी शिवली असती तर ही कसरतच नको होती, दुसऱ्या बऱ्याच बॅगांना ती असते. कॉलरची दोरी आवळायचा टॉगल बरोबर गळ्यावर येतो, कुशीवर वळलं की टोचतो, मी त्याच्यावर फ्लीसचा तुकडा शिवला. झिपच्या आतली हवा अडवणारी नळी मात्र मस्त भरलेली आहे, तिथून गारवा कधीच आला नाही. एका ठिकाणी क्रॅम्पॉनने (बर्फावर चालायला बुटाला लावतात त्या खिळ्यांनी) बारीक भोक पाडलं, रिपेअर टेपचा गोल तुकडा लावलाय, गोल अशासाठी की कोपरे उचलले जातात.

धुण्याबद्दल: सीझन संपल्यावर एकदाच, डाऊनसाठीच्या साबणाने, समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये. मधे दांडा असलेल्या मशीनमध्ये घातलीत तर आतल्या भिंती फाटतील. ड्रायरमध्ये अगदी कमी उष्णतेवर टेनिस बॉल टाकून फिरवत राहायची, वाळली असं वाटल्यावरही आणखी एक फेरी, कारण गुठळ्यांच्या आत ओल राहते आणि मग वास येतो. धुतल्यावर माझी बॅग नवी असताना होती जवळजवळ तेवढी फुगली. घरी ती छोट्या पिशवीत कोंबून ठेवू नका, मोठ्या सुती पिशवीत सैल, किंवा कपाटात टांगून.

दोन-तीन रात्रींच्या कोरड्या थंडीच्या ट्रिपसाठी डोळे झाकून घ्या. ओल्या बर्फात, शून्याच्या आसपास भुरभुरणाऱ्या हवेत वापरणार असाल तर डाऊन नकोच, सरळ सिंथेटिक बॅग, वजन सोसा. आणि आठवडाभराचं ठरवत असाल तर पैसे आधी मॅटमध्ये घाला, मग क्विल्टमध्ये, उणे 25 च्या बॅगेकडे सगळ्यात शेवटी बघा.