जोडीने शिकायचे अलंकार, वृत्ते आणि छंद : एका कार्डसंचाचे परीक्षण

माध्यमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या बहुतेकांचा अनुभव असा आहे की, अलंकारांची लक्षणे मुले घडाघडा म्हणून दाखवतात, कृतिपत्रिकेतील ठरावीक ओळीचा अलंकारही बरोबर ओळखतात, परंतु तोच अलंकार न शिकवलेल्या कवितेत समोर आला की गप्प बसतात. वृत्तांच्या बाबतीत तर स्थिती आणखी बिकट आहे, कारण ऐकून समजायची गोष्ट आपण फळ्यावर खुणा काढून डोळ्यांनी शिकवतो. त्यामुळे पुण्यातील अप्पा बळवंत चौकात, शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानात, आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी जोडीकामावर आधारलेला एक कार्डसंच दिसला तेव्हा तो लगेच घेतला आणि गेले वर्षभर नववीच्या वर्गात वापरला. भाषाशिक्षकांना निवड करताना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर परीक्षण लिहीत आहे.

संचात चार पाकिटे आहेत : अलंकार, अक्षरगणवृत्ते, ओवी व अभंग, आणि सुनीत, हायकू, गझल हे रचनाप्रकार. प्रत्येक कृतीसाठी एक निळे आणि एक केशरी अशी दोन कार्डे असून, कोणत्याही एका कार्डावर पूर्ण माहिती दिलेली नाही. एकाकडे ओळ असते, तर दुसऱ्याकडे ती तपासण्याचे साधन. ही मांडणीच या संचाचे खरे मोल आहे. जोडीकाम म्हणून वर्गात जे चालते, त्यात पुष्कळदा हुशार मूल लिहिते आणि शेजारचे मूल उतरवून घेते. येथे उतरवून घेण्यासारखे काही नसतेच, कारण शेजाऱ्याचे ऐकल्याशिवाय स्वतःचे काम पुढे सरकत नाही.

वृत्तांच्या पाकिटात हे तत्त्व सर्वांत चांगले उतरले आहे. भुजंगप्रयाताच्या निळ्या कार्डावर समर्थांची ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावें’ ही ओळ आहे, तर केशरी कार्डावर ओळ नाही, फक्त लघू (ऱ्हस्व उच्चाराच्या) आणि गुरू (दीर्घ किंवा जोर येणाऱ्या उच्चाराच्या) अक्षरांच्या खुणा आहेत : एक लघू आणि दोन गुरू, असे चार वेळा, म्हणजे चार ‘य’ गण (गण म्हणजे तीन अक्षरांचा गट), एकूण 12 अक्षरे. निळे कार्ड असलेल्याने ओळ संथपणे म्हणायची आणि केशरी कार्ड असलेल्याने लघूला बोटाने, गुरूला तळहाताने बाकावर ठोका द्यायचा. ठोका आणि अक्षर जुळले नाही की दोघांनी थांबून कारण शोधायचे. माझ्या वर्गातील एका मुलीने ‘सज्जना’ हा शब्द ‘स’ सुटा करून म्हटला, त्याबरोबर तिच्या जोडीदाराचा हात हवेतच थांबला, कारण त्याच्या कार्डावर तेथे गुरू होता आणि कानाला लघू ऐकू आला होता. मग ‘सज्‌-जना’ असे म्हणून पाहिल्यावर ठोका जुळला. जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू का होते, हे त्या दोघांना पुन्हा सांगावे लागले नाही. मालिनीच्या कार्डावरही असेच घडते. सुरुवातीची सहा अक्षरे लघू असल्याने म्हणणारा धावत सुटतो आणि त्यापुढच्या ‘म’ गणाच्या तीन गुरूंवर त्याला आपोआप थबकावे लागते. हा वेगातील फरक फळ्यावरील ‘न न म य य’ या अक्षरांतून कधीच कळत नाही.

याच पाकिटात एक गंभीर उणीव आहे. नियमाच्या कार्डावर ‘जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू मानावे’ एवढेच छापले आहे. प्रत्यक्षात त्या अक्षरावर आघात, म्हणजे उच्चाराचा जोर, येत असेल तरच ते गुरू होते. ‘तुम्ही’, ‘पुन्हा’, ‘कुऱ्हाड’ अशा शब्दांत आघात येत नाही, म्हणून तेथील ‘तु’, ‘पु’, ‘कु’ लघूच राहतात. हा अपवाद शिक्षकपुस्तिकेच्या शेवटी बारीक टाइपात दिला आहे, मुलांच्या हातातील कार्डावर नाही. परिणाम असा होतो की, ज्याचा कान बरोबर आहे ते मूल कार्डापुढे हार मानते. जोडीकामात कार्ड हेच प्रमाण असल्यामुळे ही चूक पुस्तकातील चुकीपेक्षा अधिक नुकसान करते. मी प्रत्येक केशरी कार्डाच्या मागे हा अपवाद पेनाने लिहून घेतला आणि संच घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने पहिल्याच दिवशी तेवढे करावे, अशी विनंती आहे.

ओवी-अभंगाचे पाकीट मला सर्वांत प्रिय झाले. मोठ्या अभंगाच्या कृतीत ‘सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनियां’ या चार चरणांच्या पट्ट्या दोघांत एकाआड एक वाटलेल्या असतात. पहिल्याने आपला चरण म्हणायचा, दुसऱ्याने त्याची अक्षरे मोजायची आणि मग स्वतःचा चरण म्हणायचा. सहा, सहा, सहा, चार हा हिशेब आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांतील यमक मुलांना स्वतःच सापडते. ‘ध्यान’ची तीन अक्षरे मोजणारे मूल हमखास भेटते आणि जोडाक्षर हे एकच अक्षर, हे त्याला जोडीदारच सांगतो. अभंगात लघू-गुरू पाहायचे नसून केवळ अक्षरसंख्या पाहायची, हे कार्डावर ठळकपणे छापले आहे, ही गोष्ट विशेष चांगली आहे, कारण वृत्तांनंतर लगेच अभंग घेतला की मुलांचा येथेच गोंधळ उडतो. लहान अभंगासाठी ‘जे का रंजले गांजले / त्यासि म्हणे जो आपुले’ ही आठ-आठ अक्षरांची जोडी दिली आहे.

त्यानंतरची कृती स्वतः अभंग रचण्याची आहे. एकाने पहिला आणि तिसरा चरण द्यायचा, दुसऱ्याने दुसरा आणि चौथा. बाहेरगावाहून येणाऱ्या दोन मुलांनी रचलेला अभंग त्यांच्या परवानगीने देत आहे :

एसटीची वाट / पाहतो सकाळी
पाऊस आभाळी / छत्री नाही

चौथा चरण आधी ‘छत्री आणली नाही’ असा होता. सात अक्षरे भरतात म्हणून जोडीदाराने अडवले, ‘आणली’ गेले आणि ओळ अधिक चांगली झाली. नेमके काय काढायचे यावर ती दोघे जे बोलली, तसे बोलणे मी फळ्याजवळ उभे राहून वर्गाकडून कधी घडवून आणू शकले नसते.

ओवीसाठी पसायदानातील ‘आतां विश्वात्मकें देवें’ ही ओवी घेतली असून पहिल्या तीन चरणांचे यमक आणि आखूड चौथा चरण मुलांना सहज सापडतात, कारण ती शाळेच्या प्रार्थनेतून त्यांच्या ओठांवर असते. मात्र जात्यावरच्या ओव्यांना संचात अजिबात स्थान नाही, याची खंत वाटते. दोघी जात्यावर समोरासमोर बसून खुंटा ओढत, एकीने ओवी सुरू करायची आणि दुसरीने ती उचलायची, ही आपल्याकडची जोडीने काव्य रचण्याची परंपराच आहे. कलगी-तुऱ्यातील सवाल-जवाब हेही त्याच जातीचे. अनेक मुलांच्या आज्यांना आजही ओव्या येतात. संचकर्त्यांनी हा ठेवा वापरला असता, तर मुलांना घरी विचारून यायचे एक कार्ड सहज करता आले असते.

अलंकारांचे पाकीट तुलनेने निराश करते. बहुतेक कार्डांत एकाकडे ओळ आणि दुसऱ्याकडे लक्षण असून दोघांनी ती जुळवायची आहेत. ‘जणू’ दिसले की उत्प्रेक्षा, ‘सारखा’ दिसले की उपमा, अशी खूण पटवून मुले दोन मिनिटांत मोकळी होतात आणि अलंकार कळला असे आपल्याला वाटत राहते. एका कार्डाने मात्र योग्य वाट दाखवली आहे. त्यावर एकच तुलना वेगवेगळ्या अलंकारांत फिरवायची आहे : एकाने उपमेचे वाक्य द्यायचे आणि दुसऱ्याने ते पुढे नेत राहायचे. ‘माझी सायकल घोड्यासारखी धावते’ ही उपमा, ‘माझी सायकल जणू घोडाच’ ही उत्प्रेक्षा, ‘ही सायकल नव्हे, हा घोडा आहे’ ही अपन्हुती, ‘माझी सायकल घोड्याहून वेगवान’ हा व्यतिरेक. उपमेय (ज्याची तुलना करायची ते) आणि उपमान (ज्याच्याशी करायची ते) तेच राहून त्यांच्यातील नाते कसे पालटते, हे येथे मुले स्वतः घडवून पाहतात. सगळे पाकीट याच पद्धतीने रचायला हवे होते. बहिणाबाईंच्या ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’ या ओळीसाठी मी एका मुलाला ‘संसार’ आणि दुसऱ्याला ‘तवा’ एवढेच शब्द देऊन, दोघांत समान काय ते ठरवायला सांगितले आणि मगच पूर्ण कडवे वाचले. आधी चटके, मग भाकर, हा साधारण धर्म असा शोधून सापडला की तो पाठ करावा लागत नाही.

रचनाप्रकारांपैकी हायकूचे कार्ड किरकोळ आहे. सुनिताचे कार्ड चौदा ओळी कापून क्रमाने लावण्यापुरतेच आहे आणि ते जोडीऐवजी एकट्यानेही होते. गझलेची कृती आकर्षक आहे : रदीफ (ओळीच्या शेवटी तसाच येणारा शब्द) आणि काफिये (त्याआधीची यमके) दिलेले असतात, एकाने मतल्याची, म्हणजे पहिल्या दोन ओळींच्या शेराची, पहिली ओळ लिहायची आणि दुसऱ्याने दुसरी. मतल्यात दोन्ही ओळींना रदीफ आणि पुढच्या शेरांत फक्त दुसऱ्या ओळीला, हा नियम त्यातून पक्का होतो. परंतु वृत्त सांभाळण्याची अट पूर्णपणे सोडून दिली आहे, आणि वृत्त सोडून जे तयार होते त्याला गझल म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. निदान वृत्तांच्या पाकिटातील ठोक्यांचा खेळ येथे जोडून घेता आला असता.

व्यवहाराच्या दृष्टीने, साडेचारशे रुपये किंमत शाळेला परवडण्यासारखी आहे. एका संचात दहा जोड्यांपुरतीच कार्डे असल्याने चाळीस मुलांच्या वर्गासाठी दोन संच घ्यावे लागतात, अन्यथा अर्ध्या वर्गाला दुसरे काम द्यावे लागते. कार्डांचा कागद जाड असला तरी कडा लवकर सुटतात, त्यामुळे लॅमिनेशन करून घेणे बरे. पटावर विषम संख्या असेल तर तिसऱ्या मुलाने काय करायचे, याचा पुस्तिकेत विचार नाही. मी त्याला अक्षरे मोजून नोंद ठेवण्याचे काम देते आणि पुढच्या फेरीत भूमिका बदलते. केवळ अलंकारांच्या सरावासाठी कोणी हा संच घेणार असेल, तर घेऊ नये. वृत्ते आणि अभंग शिकवायचे असतील, तर दोन तासिका सलग मिळतील अशा दिवशी तो काढावा, कारण पस्तीस मिनिटांच्या एका तासिकेत कार्डे वाटून ठोके जुळायला लागतात तोच घंटा होते.