उताराच्या फरशीवर किचन कॅबिनेट, दहा महिने वापरून झाल्यावर

आमचं घर कोल्हापुरात शिवाजी पेठेत, जुनं. गेल्या दिवाळीच्या तोंडावर कडाप्प्याचा ओटा काढून कॅबिनेट बसवली, आता गणपतीपण झाले, म्हणजे एक अख्खा पावसाळा काढलाय, म्हणून आता लिहिते.

आधी फरशीचं सांगते कारण सगळं तिथंच अडलं होतं. पूर्वी स्वयंपाकघर पाणी ओतून धुवायचे, त्यामुळं शहाबादी मुद्दाम मोरीकडं उतार देऊन घातलेली. नुसतं बघून कळत नाही. फ्रिजच्या कोपऱ्यापासून मोरीपर्यंत दहा फुटांत सव्वा इंचाचा फरक निघाला!

पहिल्या कॉन्ट्रॅक्टरनं लेव्हल काढलीच नाही. टेप लावली, माप लिहिलं, गेला. कॅबिनेट थेट फरशीवर ठेवली आणि खाली प्लायच्या पाचरी ठोकल्या. दोन दिवसांत सांगाडा पिळला, शटर एकमेकांना घासायला लागली, भांड्यांचा ड्रॉवर आपोआप बाहेर यायचा. म्हणे बिजागऱ्या ॲडजस्ट करून देतो. अहो, बिजागरीत दोन-तीन मिलिमीटर इकडंतिकडं होतं, पिळलेला सांगाडा त्यानं सरळ होत नाही. ग्रॅनाईट टाकायचा राहिला होता तेवढं नशीब, कारण दहा फूट बाय दोन फूट आणि वीस एमएम जाडी म्हणजे जवळजवळ शंभर किलो वजन, ते पाचरींवर बसलं असतं तर जोड उकललाच असता.

मग दुसरे मिस्त्री आणले. ते म्हणाले, "वैनी, आधी फरशी बघूया, कॅबिनेट मग." गवंड्याची पाण्याची लेव्हल पाईप आणली, आतले बुडबुडे घालवले, भिंतींवर एका लेव्हलला खुणा केल्या आणि दर फुटाला खुणेपासून फरशीपर्यंत माप घेतलं. जिथं माप सगळ्यात कमी तिथं फरशी सगळ्यात उंच, आणि सुरुवात तिथनंच करायची. खालच्या बाजूनं सुरू केलं तर उंच बाजूला पोचल्यावर कॅबिनेटचे पाय आणखी खाली जात नाहीत, मग अडकलं सगळं.

पाय म्हणजे चार इंची पीव्हीसीचे, फिरवून उंची वाढवायचे. बॉक्सला चार, तीन फुटी ड्रॉवरच्या बॉक्सला सहा. मोरीकडं आटे पुरेनात, तिथं पायांखाली कडाप्प्याचे तुकडे चिकटवले. प्रत्येक बॉक्सचे दोन्ही कर्ण टेपनं मोजले, सारखे भरले म्हणजे बॉक्स काटकोनात, तरच पुढं. बॉक्स एकमेकांना स्क्रूनं जोडून परत लेव्हल बघितली आणि मगच भिंतीला पकडले.

वापराचं म्हणाल तर ड्रॉवर एकदम भारी चालतात. रविवारी तांबड्या-पांढऱ्याची मोठी पातेली आत ठेवली तरी बोटानं ढकललं की जागेवर, आणि जिथं सोडला तिथंच थांबतो. तव्यातलं तेल मधोमध राहतं, जुन्या ओट्यावर एका कडेला जायचं. शटर एकदाच, तिसऱ्या महिन्यात, स्क्रू फिरवून घेतली.

आता तक्रारी. ओटा एकदम लेव्हलला असल्यामुळं सिंकच्या कडेला सांडलेलं पाणी तिथंच राहतं, दर वेळी पुसावं लागतं. खालचं स्कर्टिंग, म्हणजे पाय झाकायची पट्टी, सरळ कापून आणलेलं, त्यामुळं मोरीकडं चांगली बोटभर फट राहिली आणि झुरळं सुरू झाली, शेवटी फरशीला पेन्सिल टेकवून रेघ ओढून तिरकी पट्टी कापून घेतली. ते पहिल्याच दिवशी करून घ्या. सिलिंडरच्या कप्प्याला तळ नाही, सिलिंडर फरशीवरच असतो, तर त्याची चाकाची ट्रॉली उताराकडं पळायची आणि शटरवर आदळायची, ट्रॉली काढूनच टाकली. भिंतीपण सरळ नाहीत आमच्या, पण ती फट ग्रॅनाईटच्या पट्टीखाली झाकली.

प्लाय ७१० ग्रेडचाच, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय, घेतला, टिंबर मार्केटमधनं. सासूबाई अजून आठवड्याला बादलीभर पाणी ओतून फरशी धुतात, आणि मला ते थांबवायचं नाही, घर त्यांचं आहे. मागच्या रविवारी स्कर्टिंग ओढून काढलं आणि टॉर्च लावून बघितलं. प्लायची खालची कड कोरडी, कुठंही फुगलेली नाही. मोरीजवळचा एक पाय तेवढा हातानं सहज फिरत होता, म्हणजे त्याच्यावर वजनच येत नव्हतं. अर्धा आटा फिरवून टेकवला आणि स्कर्टिंग परत लावलं.