चीनच्या शाळेत इंग्रजी शिकवायला पाठवणारी सेवा: पैसे भरण्याआधी वेळापत्रक मागा

भारत-चीन थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाल्यापासून मला हा प्रश्न सारखा येतोय. परवा एका पालकांनी शाळेच्या फाटकातच गाठलं, "मॅडम, पोरगीला चीनला इंग्रजी शिकवायला पाठवू का नको, एकदाच काय ते सांगा." म्हणून सविस्तर लिहिते.

मी २०१९ च्या मे-जूनमध्ये अशाच एका सेवेतून ग्वांगडोंग प्रांतातल्या फोशान शहरात, एका प्राथमिक शाळेत गेले होते. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजला बी.ए.ची शेवटची परीक्षा नुकतीच झाली होती. आता मिरजेत हायस्कूलला इंग्रजी शिकवते. पाठवणारी संस्था पुण्याची. नाव मुद्दाम देत नाही, कारण इथे जे सांगतेय ते अशी कुठलीही सेवा निवडताना तपासावं लागेल.

आधी चांगलं. कागदपत्रांचं काम त्यांनी चोख केलं. चिनी शाळेचं निमंत्रणपत्र वेळेत आलं आणि त्यावर एफ व्हिसा मिळाला, म्हणजे देवाणघेवाण आणि भेटींसाठीचा. हे फार महत्त्वाचं आहे. काही एजंट "पर्यटक म्हणून जा, तिथं कोण विचारतंय" असं सांगतात. त्यांच्या नादी लागू नका. चीनचा परदेशी नागरिकांविषयीचा कायदा १ जुलै २०१३ पासून लागू आहे. परवान्याशिवाय काम करताना सापडलात तर ५,००० ते २०,००० युआन दंड, आणि प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवस कोठडी. हातखर्चाला म्हणून पैसे मिळणार असतील तर ते कामाचा मोबदला ठरतील का, हेही आधीच विचारून घ्या. ग्वांगझोऊच्या विमानतळावर न्यायला माणूस आला होता. ज्या कुटुंबात राहिले तिथल्या ताईंनी २४ तासांच्या आत पोलिसांकडे माझी नोंद करून टाकली. तीही कायद्याने लागतेच.

जेवणाबद्दल आयांना काळजी असते, तर थोडक्यात: भात, टोमॅटो-अंडं, परतलेल्या पालेभाज्या. अंडं चालत असेल तर निभतं. नुसतं शाकाहारी असाल तर शाळेला आधी कळवा, कारण भाजीतही मांसाचे तुकडे असतात.

आता मुख्य तक्रार. पुण्यात दिवसभराचं प्रशिक्षण झालं. त्यात चॉपस्टिक कशा धरायच्या, भेटवस्तू दोन्ही हातांनी कशी द्यायची हे होतं, पण पंचेचाळीस पोरांच्या वर्गात एकेकाला बोलतं कसं करायचं यावर अवाक्षर नाही. तिथे पोचल्यावर हातात वेळापत्रक पडलं: पाचवी-सहावीच्या झाडून सगळ्या तुकड्या, प्रत्येकीला आठवड्यातून चाळीस मिनिटांचा एकच तास. परदेशी पाहुणी सगळ्यांना दिसावी, हा त्यामागचा हिशोब. पण मुलांच्या पदरात काय पडणार? प्रत्येक वर्गात तेच नाव, तोच देश, तोच हत्ती. आठवड्याने परत जावं तोवर मुलं आधीचं विसरलेली. मलाही त्यांची नावं लक्षात राहीनात.

सुटका केली ती तिथल्या इंग्रजीच्या बाईंनी. त्यांनी मुख्याध्यापकांशी बोलून पुढच्या आठवड्यापासून मला पाचवीच्या दोनच तुकड्या दिल्या, रोज एक तास, आणि त्या स्वतः वर्गात थांबल्या. खरं काम तिथून सुरू झालं.

ही मुलं हुशार आहेत. चीनमध्ये २००१ च्या धोरणापासून तिसरीपासून इंग्रजी आहे, मोठ्या शहरांत त्याही आधीपासून. महाराष्ट्रात आपण २००० पासून पहिलीपासून शिकवतो. धडा एका सुरात खणखणीत वाचतात, स्पेलिंग पक्कं. अडतं ते बोलताना. चिनी भाषेत क्रियापद काळानुसार बदलत नाही, म्हणून "यस्टरडे आय गो" हे त्यांना अगदी बरोबर वाटतं. शब्दाच्या शेवटची व्यंजनंही गळतात, त्यामुळे भूतकाळाचा "ड" कानाला लागतच नाही. हे फळ्यावर नियम लिहून सुटत नाही. आम्ही रोज तासाच्या सुरुवातीला प्रत्येकाकडून कालचं एक वाक्य घ्यायला लागलो: काल काय खाल्लं, कोणाशी भांडलो. तोच वर्ग रोज भेटत होता म्हणूनच हे जमलं. मागच्या बाकावरचा, लाल रुमालाची गाठ सतत सोडबांध करणारा एक मुलगा आधी तोंड उघडायचा नाही. एके दिवशी उठून त्याने सलग तीन वाक्यं सांगितली, तिन्ही भूतकाळात, आजीबरोबर मासे पकडल्याची. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी शिक्षकच व्हायचं हे नक्की झालं.

जूनमध्ये त्यांचा ड्रॅगन बोटींचा सण आला. मी फळ्यावर कृष्णा काढली, सांगलीचा आयर्विन पूल काढला आणि आपल्याकडच्या होड्यांच्या शर्यतीबद्दल सांगितलं. मग प्रश्न थांबेनात. एका होडीत किती माणसं, ढोल कोण वाजवतं, बक्षीस काय. ढोल नसतो म्हटल्यावर त्यांना आपली फार दया आली. तासाची घंटा झाली तरी कोणी उठेना. पुस्तकात नसलेलं इंग्रजी त्या दिवशी त्यांनी आपणहून वापरलं.

मे-जून हा काळ आपल्या विद्यार्थ्यांना सोयीचा आहे, कारण तिथल्या शाळा जुलैच्या सुरुवातीपर्यंत चालू असतात. जुलै-ऑगस्टसाठी कोणी "शाळेत शिकवायला" बोलावत असेल तर सावध व्हा, तेव्हा शाळांना सुट्टी असते. पूर्वी त्या दिवसांत संस्था आपली पोरं तिथल्या खासगी शिकवण्यांमध्ये शिकवायला पाठवत. जुलै २०२१ च्या सरकारी नियमांनंतर शालेय विषयांच्या नफ्यावर चालणाऱ्या शिकवण्यांना सुट्टीत शिकवायला बंदी आहे.

माझं मत: पाचपैकी तीन तारे. दोन कागदपत्रांचे, एक त्या कुटुंबाच्या निवडीचा. प्रशिक्षण आणि वेळापत्रक यांचे मी देत नाही. नाव नोंदवताना तीन गोष्टी लेखी मागा: व्हिसाचा प्रकार, तुमच्याबरोबर वर्गात थांबणारे स्थानिक शिक्षक कोण, आणि पूर्ण मुक्कामभर त्याच एक-दोन तुकड्या मिळतील याची हमी. तिसरी द्यायला टाळाटाळ केली तर पैसे भरू नका, दुसरी संस्था बघा.