पावतीच्या मागे काय आहे? ‘द स्कॅम’ वाचल्यानंतर

गेल्या वर्षी आमच्या भागातली एक मल्टिस्टेट पतसंस्था बसली आणि जिंतूरच्या माझ्या धाकट्या बहिणीचे सात लाख अडकले. मेहुण्यांच्या निवृत्तीचा पैसा होता तो. शाखेला कुलूप बघून ती तडक परभणीला माझ्याकडे आली. पिशवीतून एफडीच्या पावत्या काढून समोर ठेवल्या आणि म्हणाली, “दादा, तू जन्मभर बँकेत होतास, तुला बी कळलं नाही का?” एकतीस वर्षं मी सहकारी बँकेत काढली. पावतीवर शिक्का होता, नंबर होता, दोन सह्या होत्या. मला काही बोलता आलं नाही.

त्यानंतर मी पत्रकार सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांचं, शेअर दलाल हर्षद मेहताच्या १९९२च्या घोटाळ्यावरचं ‘द स्कॅम’ मागवलं. हर्षद मेहताचं नाव सगळ्यांना पाठ आहे, पण मला माणसात रस नव्हता. एवढा पैसा बँकांमधून, बँकवाल्यांच्या डोळ्यांदेखत गेला कसा, ते समजून घ्यायचं होतं. परभणीत प्रत मिळाली नाही, ऑनलाइन घ्यावी लागली. पुस्तक पहिल्यांदा १९९३ साली आलं. नंतरच्या आवृत्तीत केतन पारेख या दुसऱ्या शेअर दलालाच्या २००१च्या प्रकरणाचीही भर आहे. घ्यायची तर ती आवृत्ती घ्या.

बँकेत काम केलेल्या माणसाला हे पुस्तक झोपू देत नाही. त्या काळी बँका आपसात सरकारी रोख्यांचे ‘रेडी फॉरवर्ड’ व्यवहार करत. म्हणजे आज रोखे विकायचे आणि ठरल्या दिवशी ठरल्या भावाने परत घ्यायचे. रोख्यांच्या तारणावर थोड्या दिवसांचं कर्जच म्हणा. रोखे दरवेळी हातात दिले जात नसत. विकणारी बँक एक कागद द्यायची: बँक रिसीट, म्हणजे पावतीच. ‘तुमचे रोखे आमच्याकडे आहेत’ एवढाच त्याचा अर्थ. मधे ब्रोकर असायचा, आणि बँकेच्या नावाने काढलेला चेक त्या ब्रोकरच्या खात्यात जमा व्हायचा! आमच्या सेलू शाखेत पन्नास रुपयांचा फरक आला तर रात्री नऊपर्यंत सगळा स्टाफ व्हाउचर उलटीपालटी करत बसायचा. पत्र्याच्या ट्रेमधून एकेक व्हाउचर काढून डे बुकावर पेन्सिलीची टिक करत जायचं. इकडे ही शिस्त आणि मुंबईत कोट्यवधींचे चेक दुसऱ्याच्या खात्यात. ते पान मी तीनदा वाचलं.

बँक ऑफ कराडचं नाव आलं तेव्हा तर पुस्तक मिटून ठेवलं. आपल्या महाराष्ट्रातली लहानशी बँक. हिने आणि मुंबईच्या मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँकेने मागे रोखे नसतानाच पावत्या फाडून दिल्या. मोठमोठ्या बँकांनी त्या कागदांवर पैसे मोजले. बहिणीच्या पावत्या अजून माझ्या कपाटात होत्या. त्या काढून पुन्हा बघितल्या. शिक्का खरा, सह्या खऱ्या. मागे काय आहे ते मी एकदाही विचारलं नव्हतं. बारा टक्के व्याज देणारी संस्था आपला पैसा कुणाला, कशाच्या तारणावर देते, एवढं तरी मी विचारायला हवं होतं.

सुचेता दलाल यांनी नेमकं हेच विचारलं. २३ एप्रिल १९९२ला ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांची बातमी आली, की स्टेट बँकेने एका ब्रोकरला (तो हर्षदच) ५०० कोटींचा हिशेब पुरा करायला सांगितलंय. शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स तेव्हा साडेचार हजारांच्या घरात होता, पेढे वाटणं चाललं होतं. पुढे रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने काढलेला घोटाळ्याचा आकडा ४,००० कोटींच्या वर गेला.

हे पुस्तक म्हणजे सुचेता दलाल यांचं चरित्र नाही, पण वाचताना बाई कोण असतील हे सारखं मनात येतं. शाळा बेळगावला, धारवाडला स्टॅटिस्टिक्स घेऊन पदवी, मग मुंबईत कायदा. म्हणजे आकडा आणि कलम दोन्ही हाताखालचं. १९८४च्या सुमारास गुंतवणुकीच्या एका मासिकातून सुरुवात, मग आर्थिक वर्तमानपत्रं, मग ‘टाइम्स’. हर्षद प्रकरणावर नाव झालं म्हणून त्या थांबल्या नाहीत. एन्रॉन या वीज कंपनीवर लिहिलं, लोकांच्या ठेवी बुडवणाऱ्या सी. आर. भन्साळीवर लिहिलं. २००६ला पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी बसूंसोबत ‘मनीलाइफ’ हे गुंतवणुकीवरचं नियतकालिक काढलं, आणि २०१०मध्ये सामान्य ठेवीदार-गुंतवणूकदारांना शहाणं करण्यासाठी फाउंडेशन. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर या शेवटच्या कामासाठी वाटतो. असं एखादं केंद्र परभणीत, बीडमध्ये असतं तर कितीतरी घरं वाचली असती.

पुस्तकाबद्दल तक्रार एकच, पण मोठी. नावांची गर्दी फार होते. बँका, ब्रोकर, अधिकारी, समित्या एकामागून एक येत राहतात, आणि बँकेबाहेरचा वाचक साठ-सत्तर पानांत दमेल. मी वहीत बाण काढून कुणाचा चेक कुठे गेला ते लिहीत गेलो, तेव्हा कुठे जमलं. इंग्रजी फार अवघड नाही, पण बाजाराची भाषा सरावाची लागते. घाई करून वाचायचं पुस्तक नाही हे. मला पावणेदोन महिने लागले.

माझी प्रत आणि ती वही आता जिंतूरला आहे, भाच्याकडे. त्याने त्या पतसंस्थेचे मागच्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल कुठून तरी मिळवलेत. येत्या रविवारी मी जाणार आहे. ताळेबंदातली ‘इतर येणी’ची, म्हणजे संस्थेला इतरांकडून यायच्या पैशांची ओळ त्याने लाल पेनाने गोल करून ठेवली आहे, तिथून सुरुवात करू.