दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल: १२० रुपयांत वायफाय जागेवर

ही समीक्षा एका साध्या काळ्या वायरची आहे. तिच्यावर कंपनीचं नाव नाही, तिला खोकं नाही, दुकानदाराने रबरबँड लावून पिशवीत टाकून दिली. तरी कॉम्प्युटरसाठी अलीकडे जे जे घेतलं त्यात सगळ्यात कामाला आली ती हीच. पण ती प्रत्येकाच्या कामाला येईल असं नाही. म्हणून माझ्याकडे काय बिघडलं होतं ते आधी सांगते, म्हणजे तुमचं दुखणं तेच आहे का हे तुम्हालाच ठरवता येईल.

मी पुण्यात कर्वेनगरला घरूनच छोट्या दुकानदारांचे हिशोब आणि जीएसटीची कामं बघते. ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात, या दोन दिवसांच्या आसपास संध्याकाळी उशिरापर्यंत बसावं लागतं. राउटर हॉलमध्ये दाराजवळ, कारण फायबर तिथूनच आत येते. डेस्कटॉप आतल्या खोलीत, त्याचं कॅबिनेट (सीपीयूचा डबा) टेबलाखाली भिंतीला टेकवलेलं. मध्ये जुन्या बांधणीची नऊ इंची भिंत आणि एक लोखंडी कपाट. कॅबिनेटच्या मागे यूएसबी पोर्टात नखाएवढं वायफाय डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला वायफाय पकडून देणारं खुंटीसारखं उपकरण. दिवसभर सगळं सुरळीत, आणि संध्याकाळी नेमकं ओटीपी टाकायच्या वेळी वायफाय गायब. परत जोडलं जायचं, दोन मिनिटांनी परत जायचं.

नेटवाल्यांचा मुलगा येऊन गेला. त्याने त्याच टेबलापाशी उभं राहून स्वतःच्या मोबाइलवर स्पीड मोजून दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, इथे तर फुल आहे." खोटं नव्हतं ते. मोबाइलवर फुलच होतं. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने नवा राउटर घ्या आणि विंडोज फॉरमॅट मारून घ्या असे दोन्ही सल्ले एका दमात दिले. बिघाड कुठे आहे हे कळण्याआधी वस्तू बदलायला लागणं मला पटत नाही. हिशोबात फरक आला की आपण आधी तो कोणत्या नोंदीत आहे ते शोधतो, सगळी वही नव्याने लिहायला घेत नाही.

तर शोधायचं कसं? कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा (माझ्याकडे १९२.१६८.१.१ आहे), दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला. पिंग म्हणजे समोरच्याला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं. दोन्हीकडे शेवटी डॅश टी लिहिलं की पिंग चालूच राहतं. राउटरचं उत्तर वेळेवर येतंय आणि फक्त बाहेरचं अडतंय, तर दोष नेटवाल्यांच्या बाजूचा. राउटरचंच उत्तर येत नसेल तर भानगड घरातली. माझ्याकडे राउटरचं उत्तर एरवी दोन-तीन मिलिसेकंदांत यायचं. संध्याकाळी ते पाचशे-सातशेवर जायचं आणि मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'च्या ओळीच्या ओळी. म्हणजे नेटवाल्यांचा मुलगा सुटला.

फुकटचे उपाय आधी केले, तुम्हीही तेच आधी करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी दिलेली असते, ती टिक काढा. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. राउटरचा २.४ गिगाहर्ट्झचा (वायफायच्या दोन नेहमीच्या पट्ट्यांपैकी एक, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा) चॅनल 'ऑटो'वरून काढून १, ६ किंवा ११ यांपैकी ज्यावर शेजाऱ्यांची गर्दी कमी असेल त्यावर पक्का करा. हे तीनच चॅनल एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. मधला तिसरा-चौथा निवडलात तर दोन्हीकडचा त्रास ओढवून घ्याल. या सगळ्याने माझ्याकडे थोडा फरक पडला, संध्याकाळचं दुखणं मात्र तसंच राहिलं.

धागा मिळाला तो माउसमुळे. वायफाय जायचं त्याच वेळी माझा वायरलेस माउसही अडखळायचा, बाण पडद्यावर उड्या मारायचा. माउसचा आणि इंटरनेटचा काय संबंध? दोघेही २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात, एवढाच. आणि संध्याकाळीच का, तर टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप मी त्या वेळी पोर्टेबल हार्ड डिस्कवर घेते. हार्ड डिस्क निळ्या जिभेच्या यूएसबी ३ पोर्टमध्ये आणि तिला खेटून खालच्याच पोर्टमध्ये डोंगल. पिंगची खिडकी समोर ठेवून कॉपी सुरू केली, आकडे चढले. कॉपी थांबवली, आकडे उतरले. वायर उपटून बघायचीसुद्धा गरज पडली नाही.

हे काही गूढ नाही. यूएसबी ३ वरून डेटा सेकंदाला ५ गिगाबिटच्या वेगाने धावतो आणि त्याचा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. पोर्टमधून, वायरीतून, खुद्द हार्ड डिस्कमधून तो बाहेर पडतो. इंटेलने २०१२ साली यावर आख्खा शोधनिबंध काढला होता. अशा डिस्कमुळे आसपासचा गोंगाट २० डेसिबलच्या घरात वाढू शकतो असं त्यात मोजून दाखवलं आहे. २० डेसिबल म्हणजे शंभर पट. भिंत आणि कपाट ओलांडून थकत आलेला राउटरचा आवाज त्या कोलाहलात डोंगलला ऐकूच येत नाही. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला हा त्रास होत नाही. मोबाइल त्या पट्ट्यावर होता, माझ्या डोंगलला तो पट्टाच नाही.

म्हणजे डोंगल त्या जागेवरून उचलायचं, बस्स. मेट्रोने मंडईला उतरून तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. (गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही.) काउंटरवर दोन केबली समोर आल्या. दिसायला सारख्याच, पण एक बोटांत धरल्यावर सुतळीसारखी मऊ, दुसरी जरा ताठ. ताठ असलेलीच्या अंगावर बारीक पांढऱ्या अक्षरांत छापलेलं होतं: २८ एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं माप), १पी, आणि पुढे २४ एडब्ल्यूजी, २सी. म्हणजे डेटाची जोडी २८ नंबरच्या तारेची आणि वीज नेणाऱ्या दोन तारा २४ नंबरच्या. इथे आकडा जितका लहान तितकी तार जाड. मऊ केबलवर काहीच छापलेलं नव्हतं. दुकानदार काका म्हणाले, "ताई, पेन ड्राइव्हला कुठलीही चालेल. वायफायला लावणार असाल तर ही जाड न्या, करंट पोचायला पाहिजे." ती १२०ला, मऊ ६०ला. यूएसबी ३ ची केबलही दाखवत होते, पण यूएसबी २ च्या डोंगलला तिचा उपयोग नाही.

घरी येऊन डोंगल केबलच्या टोकाला लावलं, दुसरं टोक मागच्या काळ्या पोर्टमध्ये, निळ्यांपासून लांब. डोंगल टेबलावर, मॉनिटरच्या कडेला, दाराच्या दिशेला चिकटपट्टीने डकवलं. बॅकअप सुरू ठेवून पिंग बघितला: तीन, चार, मध्येच एखादा नऊ. माउसचं रिसीव्हरही पुढच्या पोर्टमध्ये हलवलं, त्याचं अडखळणं गेलं. मधल्या २० तारखेला हार्ड डिस्क चालू असतानाच ३बी भरून मोकळी झाले. स्पीड मात्र वाढला असं म्हणणार नाही. २.४ वर गर्दीच्या वेळी जेवढा मिळतो तेवढाच मिळतो. तुटत नाही, हे मला पुरेसं आहे.

केबलची खोड एकच, मादी टोक (ज्यात डोंगल खोचायचं ते) थोडं सैल आहे. झाडू-पोछा करताना वायर ओढली गेली की डोंगल निसटतं. टेबलाच्या पायाला एक गाठ मारून ठेवली आहे. आणि लांबीचा मोह आवरा. यूएसबी २ ची मर्यादा एकंदर ५ मीटर असली तरी बारीक तारेच्या लांब केबलीत वीज आधीच दमते आणि डोंगल स्वतःहून बंद-चालू होऊ लागतं. दीड मीटर भरपूर आहे.

तुमचं वायफाय हार्ड डिस्क लावलेली नसतानाही जात असेल तर या केबलवर फार आशा ठेवू नका. कॅबिनेटच्या पत्र्याआडून डोंगल बाहेर आल्याने रेंज थोडी सुधारेल इतकंच. त्यापेक्षा राउटरला ५ गिगाहर्ट्झ असेल तर दोन्ही पट्ट्यांचा, बाहेर अँटेना असलेला अडॅप्टर घ्या. आणि हॉलपासून कॉम्प्युटरपर्यंत लॅनची वायर ओढणं शक्य असेल तर यातलं काहीच घेऊ नका, सरळ कॅट ६ टाका. माझं घर भाड्याचं आहे, भिंतीला भोक पाडायला मालक तयार नाहीत.