गॅरंटी आमची, सही त्याची

केनियात बांधकामाचा ठेका घेणाऱ्या परदेशी कंपनीला कामाच्या किमतीचा किमान ३० टक्के वाटा तिथल्या माणसाला किंवा कंपनीला द्यावाच लागतो, उपठेका म्हणून किंवा भागीदारीत. नॅशनल कन्स्ट्रक्शन अथॉरिटीकडे (एनसीए) नोंदणी करताना तसं लेखी द्यावं लागतं. त्यांच्या जागी नियम रास्तच आहे. पण या ३० टक्क्यांसाठी घाईनं भागीदार शोधणाऱ्यांची वाट बघत बसलेली माणसंही नैरोबीत आहेत. आम्हाला त्यातलाच एक भेटला.

मी कोल्हापूरच्या एका मध्यम कंपनीत हिशेब आणि बँकेची कामं बघतो. नैरोबीजवळ अथी रिव्हरला गोदामाचं काम मिळालं होतं. तिथली जमीनही आपल्याकडच्यासारखी काळी, भेगाळणारी. ती उकरून मुरूम भरल्याशिवाय पाया घालता येत नाही. मातीकाम भागीदारानं करायचं, शेड आम्ही उभारायची, असं ठरलं. गृहस्थ बोलायला गोड. खाणीवर नेऊन डंपर दाखवले (ते भलत्याच कुणाचे होते), साहेबांना घरी जेवायलाही बोलावलं.

नोंदणीचं जे प्रमाणपत्र त्यानं दाखवलं, ते मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्या कंपनीचं निघालं. अथॉरिटीच्या संकेतस्थळावर कंपनीची श्रेणी कळते. एनसीए १ म्हणजे कितीही मोठं काम, एनसीए ८ म्हणजे सगळ्यात लहान. हा शेवटच्या पायरीवरचा होता. सीआर १२ ची तीच गत. कंपनीचे आजचे संचालक आणि भागधारक कोण, ते सांगणारा हा सरकारी दाखला. त्यानं दिलेला जुना होता. मधल्या काळात शेअर दुसऱ्याच्या नावावर गेले होते. हा दाखला भागीदाराच्या हातून घेऊच नका. ईसिटिझन या तिथल्या सरकारी पोर्टलवरून स्वतः काढा, आणि तोही सही होण्याच्या आठवड्यातला.

इथवरचं एक वेळ निभावलं असतं. बुडवलं ते बँकेच्या व्यवस्थेनं.

गोदामवाल्यानं २० टक्के ॲडव्हान्स दिला आणि त्यापोटी बँक गॅरंटी, म्हणजे ती रक्कम बुडाली तर बँक भरून देईल अशी हमी, मागितली. भागीदाराची तेवढी ऐपत नाही, म्हणून पूर्ण गॅरंटी आमच्या नावावर निघाली. आमच्या बँकेनं नैरोबीच्या बँकेला हमी दिली, तिनं गोदामवाल्याला. ॲडव्हान्स मात्र दोघांच्या संयुक्त खात्यात जमा झाला आणि त्या खात्यावर कुणाही एकाची सही चालत होती. 'तुम्ही इथे नसता, दुसऱ्या सहीपायी डिझेल अडून राहील,' हे त्याचं म्हणणं. ऐकायला किती व्यवहारी! ज्याच्या नावावर गॅरंटी, त्याच्या सहीशिवाय त्या खात्यातून एक शिलिंगही हलता कामा नये, एवढं बँकेला पहिल्याच दिवशी लेखी कळवा. भागीदार रुसला तर रुसू द्या.

मुरूम थोडा आला, मग थांबला. फोन लागेना. खातं जवळपास रिकामं. गोदामवाल्यानं करार रद्द केला आणि गॅरंटी वटवली. मागताक्षणी देय असलेल्या गॅरंटीत बँक कुणाचं काय भांडण आहे ते बघत नाही. पैसे आमच्या एफडीतून वळते झाले. स्थगितीसाठी वकिलांकडे धावलो, तर ते म्हणाले, पैसे मागणाऱ्यानंच उघड आणि गंभीर फसवणूक केली असेल तर कोर्ट थांबवतं. भागीदारानं तुम्हाला फसवलं, त्यात गोदामवाल्याचा काय दोष? आणि खरंच, तोही अडकलेलाच होता. शिवाय ठेक्यात आम्ही दोघं 'संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे' जबाबदार, म्हणजे जो सापडेल त्याच्याकडून सगळी वसुली. सापडलो आम्ही.

भागीदाराबरोबरच्या करारात वाद कोल्हापूरच्या न्यायालयात चालवायचा, असं कलम होतं. घरचं मैदान म्हणून सगळे खूश. पण केनियाचा कायदा ज्या देशांच्या कोर्टांचे निकाल परस्पर मान्यतेनं राबवतो, त्या यादीत भारत नाही. लवादाचं कलम असतं तर परदेशी लवादांचे निवाडे मानण्याच्या १९५८ च्या न्यूयॉर्क करारानुसार निवाडा तिथे राबवता आला असता. दोन्ही देश त्यात आहेत. आता नैरोबीत नव्यानं दावा लावायचा आहे. पैसे संयुक्त खात्यातून पुढे कुणाकडे गेले, ते शोधायला तिथल्या कोर्टाचा आदेश हवा, आणि तिथले वकील आधी फी मागताहेत.