क्रुसेडर किंग्ज 3 : दोनशे तास खेळल्यानंतर

आधी कामाचं सांगतो. क्रुसेडर किंग्ज 3 हा संगणकावरचा डावपेचांचा खेळ, स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा, 1 सप्टेंबर 2020 ला आलेला. 867 किंवा 1066 सालापासून सुरुवात करायची (आता 1178 चाही पर्याय आहे) आणि 1453 पर्यंत एक घराणं चालवायचं. राज्य येतं-जातं, घराणं टिकवायचं. तुमचा राजा मेला की तुम्ही त्याच्या वारसाच्या अंगात शिरता, आणि ज्या दिवशी घराण्यात वारस उरत नाही त्या दिवशी खेळ संपतो. माझे दोनशेहून जास्त तास झालेत. पाचपैकी साडेचार तारे देतोय. तरी हे लिहायला दोन महिने लागले, कारण या खेळात मी एक गोष्ट केली आणि ती मला सोडत नाही.

मी सोलापूरचा. पूर्व भागात आमचा चादरी-टॉवेलचा छोटा कारखाना आहे, दिवसभर मागाची खटखट आणि रात्री हिशेब. खेळ रात्री साडेदहानंतर. इतिहासाच्या खेळांचा नाद जुना आहे. बी. कॉम.ला असताना नेट कॅफेत मिडीव्हल 2 टोटल वॉर खेळायचो. त्यात शहर जिंकलं की तीन पर्याय समोर यायचे : ताबा घ्या, लुटा, कत्तल करा. मी बहुतेक वेळा कत्तलच निवडायचो. लोकसंख्या कमी झाली की बंड होत नाही, मागे सैन्य ठेवावं लागत नाही, सरळ हिशेब. हजारो माणसं एका क्लिकमध्ये जायची आणि मी पुढच्या शहराकडे वळायचो. त्याचं कधी काही वाटलं नाही. तिथं फक्त आकडा खाली यायचा, आणि आकड्याला कुणाचं तोंड नसतं.

क्रुसेडर किंग्जमध्ये मात्र प्रत्येकाला तोंड आहे. राजा, राणी, मांडलिक, तुरुंगातला कैदी, सगळ्यांचे चेहरे. मुलं मोठी होताना दिसतात, आईचं नाक आणि बापाची हनुवटी घेऊन येतात. प्रत्येकाचा स्वभाव ठरलेला असतो : कुणी लोभी, कुणी न्यायी, कुणी कनवाळू. स्वभावाच्या विरुद्ध वागलात तर तुमच्या माणसाच्या मनावर ताण साठतो. शंभर, दोनशे, तीनशे अशा त्याच्या पायऱ्या आहेत. पायरी ओलांडली की माणूस मोडतो. दारू धरतो, स्वतःला चाबकाने मारून घेतो, भलत्याच वाटेला लागतो. निर्दयी राजाला कैद्याचा शिरच्छेद करताना काही होत नाही. कनवाळू राजाला होतं. खेळ ते नोंदवतो आणि पुढच्या कित्येक वर्षांत वसूल करतो. एवढी एक कल्पना मला या खेळाच्या सगळ्या लढायांपेक्षा मोठी वाटते.

मी 1066 चा कल्याणीचा (कर्नाटकातलं आजचं बसवकल्याण) चालुक्य राजा सोमेश्वर निवडला. का, तर आमचा हा सगळा पट्टा तेव्हा त्यांचाच. ज्याला आपण सोलापूर म्हणतो ते तेव्हाचं सोन्नलगी, आमचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर अजून जन्माला यायचे होते. भीमा-सीनेच्या संगमावरचं हत्तरसंग कुडल इथून 40 किलोमीटरवर. तिथल्या देवळातला मराठी शिलालेख शके 940 चा, म्हणजे 1018 चा. लहानपणी बाबांनी मला आणि धाकट्याला स्कूटरवरून तिकडं नेलं होतं. धाकटा पुढं उभा, मी मागं. ‘वाचेल तो विजयी होईल’ असा त्या अक्षरांचा अर्थ बाबांनी सांगितला तेव्हा धाकट्यानं विचारलं होतं, ज्याला वाचता येत नाही त्यानं काय करायचं? तो पहिलीत होता.

तर तो सोमेश्वर. इतिहासात त्यानं 1068 मध्ये, आजाराला कंटाळून, तुंगभद्रेत जलसमाधी घेतली. माझ्या खेळात तो त्यानंतरही चांगला जगला. पुढं त्याचा थोरला गादीवर बसला, आणि त्याला झालेली मुलं ही इतिहासातली नव्हेत, माझी. मूल जन्मलं की खेळ नाव विचारतो. खेळानं सुचवलेलं ठेवता येतं, आपलंही लिहिता येतं. पहिल्या मुलाला मी एक राजेशाही नाव दिलं. दुसऱ्याच्या वेळी रात्रीचा एक वाजला होता, डोळे मिटत होते, आणि बोटांनी आपसूक माझ्या भावाचं घरातलं नाव टाइप केलं. ते नाव इथं लिहीत नाही.

या दोघांतल्या थोरल्याचा सांभाळ मी, म्हणजे त्याच्या बापानं, स्वतःकडे घेतला. या खेळात मुलाचा पालक झालात की त्याच्या वळणाचे प्रसंग समोर येतात आणि स्वभाव घडवायची संधी मिळते. मी त्याला कनवाळू केलं, अगदी ठरवून. दोघं भाऊ अंगणात खेळत असावेत असं मला दिसायचं. ते काही पडद्यावर दाखवत नाहीत, मीच मनात दाखवून घेत होतो.

मग बाप मेला, आणि वाटणी झाली.

या खेळाचा सगळा पीळ या वाटणीत आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. त्या काळच्या वारसा नियमानं राज्य एकट्या थोरल्याला जात नाही, मुलांमध्ये वाटलं जातं. मुख्य गादी थोरल्याची, पण सुपीक परगणे, वसवलेली शहरं, तुम्ही तीस वर्षं पैसा ओतून बांधलेले किल्ले धाकट्यांकडे जाऊ शकतात. टाळायचं तर आयुष्यभर नियम बदलण्यामागं लागावं लागतं, नाहीतर घराण्याची कीर्ती खर्चून मुलाला बेदखल करावं लागतं. मी दोन्ही केलं नव्हतं. बाप म्हणून मला दोघांचंही बरं व्हायला हवं होतं. आणि एका क्षणात मी थोरला झालो. काल ज्याला मी मांडीवर घेतलं होतं तो आज माझ्या निम्म्या उत्पन्नावर बसलेला मांडलिक होता. नकाशावर त्याचा भाग वेगळा दिसायला लागला. माझी नजर बदललेली मला स्वतःला कळली, आणि तरी ती बदललीच.

पुढचं मी टप्प्याटप्प्यानं केलं आणि प्रत्येक टप्पा शहाणपणाचा वाटला. त्याला मूल नव्हतं. तो निपुत्रिक मेला तर परगणे माझ्याकडे येणार होते. मग त्याच्या बायकोच्या चित्रापाशी गरोदर असल्याची खूण दिसली. म्हणजे मुदत ठरली. मुलगा झाला तर सगळं त्याला जाईल, म्हणून कट बाळंतपणाच्या आत पुरा व्हायला हवा. मी साथीदार जमवले. ज्याला भावाच्या घरात जाता येतं तो जास्त उपयोगी, म्हणून त्याच्या जवळच्यांनाच पैसे चारले. यशाची शक्यता टक्क्यांत दिसते, आणि आकडा वर चढला की बरं वाटतं. हो, बरं वाटत होतं. कट तयार झाला तेव्हा खेळानं पुन्हा विचारलं, करायचं की सोडून द्यायचं. मी करायचं म्हटलं.

तो मेला. परगणे आले. थोरल्याच्या मनावरचा ताण एका फटक्यात पायरी ओलांडून गेला. मीच त्याला कनवाळू घडवला होता! त्यानं दारू धरली. दोन-तीन महिन्यांनी भावजय बाळंत झाली आणि मुलगा झाला.

मी आयर्नमॅन पद्धतीनं खेळत होतो. त्यात एकच नोंद राहते, मागं जाता येत नाही. लॅपटॉप बंद केला. बाहेर गल्लीत रात्रपाळीचे माग चालू होते.

आता इथं मला खेळाबाहेरचं सांगणं भाग आहे, नाहीतर हे परीक्षण खोटं होईल. बाबा गेल्यावर 2016 मध्ये आमच्या कारखान्याची वाटणी झाली. आठ माग होते. चार रॅपिअर, म्हणजे बिनधोट्याचे, नवे. चार जुने धोट्याचे. हिशेब मला कळायचा, धाकट्याला दुरुस्ती कळायची. मी म्हटलं, तुझा हात यंत्रावर बसलेला आहे, जुने तू चालवशील, नवे मी घेतो, व्यापारी मी सांभाळतो. तो म्हणाला, दादा, तू म्हणशील तसं. कागदावर चार आणि चार. कुणाही पंचाला दाखवा, वाटणी सारखीच दिसेल. 2021 मध्ये त्यानं ते चार माग भंगाराच्या भावात विकले आणि आता तो पुण्यात एका कंपनीत नोकरी करतो. तेव्हाही मी प्रत्येक टप्प्यावर शहाणपणाचंच वागत होतो.

‘गेम आहे, एवढं काय’ असं माझी बायको म्हणाली. तिला मी सगळं सांगितलं नव्हतं. मला वाटतं ज्या खेळात निर्णय खरे असतात तिथं माणूस आपल्या सवयीनंच निर्णय घेतो. तलवार मी कधी हातात धरली नाही, पण गणित कसं मांडायचं आणि त्याला चांगलं नाव कसं द्यायचं, ते मला खेळानं शिकवलेलं नाही. ते मी घरून घेऊन आलो होतो.

आणि खऱ्या चालुक्यांचं काय झालं? सोमेश्वराचा थोरला मुलगा दुसरा सोमेश्वर, 1068 मध्ये गादीवर बसला. धाकट्या विक्रमादित्यानं 1076 मध्ये त्याला हटवून कैदेत टाकलं आणि पुढं 50 वर्षं, 1126 पर्यंत राज्य केलं, स्वतःच्या नावाचा शकही सुरू केला. काश्मीरहून आलेला बिल्हण त्याच्या दरबारचा कवी. त्यानं लिहून ठेवलं की थोरला बिघडला होता आणि विक्रमादित्य भावाविरुद्ध उठला तो शंकराच्या आज्ञेनं. हे वाचताना मला पूर्वी फक्त खुशामत दिसायची. आता वाटतं, भावाला साखळदंड घातल्यानंतर 50 वर्षं रोज रात्री झोपायचं असेल तर माणसाला असा कवी लागतच असणार.

खेळाच्या उणिवाही सांगतो. भाषा इंग्रजी, आणि वाचायचं प्रचंड. मराठी सोडा, हिंदीही नाही. ज्यांना भरभर इंग्रजी वाचता येत नाही त्यांचा पहिल्याच तासात धीर सुटेल. नावावरूनच कळतं की खेळाचा जीव युरोपात आहे. हिंदुस्थानात शैव, वैष्णव, शाक्त, जैन, बौद्ध असे भेद दिलेत, ते आवडलं, पण प्रसंगांची भाषा बऱ्याचदा तिकडच्या सरदार-दरबारातली वाटते. आमच्याकडचं देवस्थान, अग्रहार (ब्राह्मणांना दान दिलेली गावं), व्यापाऱ्यांच्या श्रेणी म्हणजे संघ, यांचं वजन त्यात उतरत नाही. वेगळ्या विकत घ्यायच्या पुरवण्या फार आणि महाग. नुसता मूळ खेळ घ्या, तोही स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात सवलत लागेल तेव्हा. मूळ खेळातच एवढं आहे की वर्ष जाईल. माझ्या 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालतो, पण शे-दीडशे वर्षं उलटली की मंदावतो, आणि मे महिन्यात सोलापुरात तो लॅपटॉप मांडीवर घेणं शक्य नाही. टेबलावर ठेवा, पंखा मागून लावा.

लहान मुलांना देऊ नका. छळ, खून, बाहेरख्याली सगळं आहे, आणि इथली कत्तल मिडीव्हल 2 सारखी आकड्यात लपत नाही.

महिनाभर मी खेळ उघडला नाही. मग उघडला, कारण तो अर्धवट सोडणं मला आणखी वाईट वाटत होतं. भावजयीला आणि पोराला दरबारात बोलावून घेतलं. भावाच्या खुनाचं गुपित दरबारातल्या एकाला कळलं आणि तो मला वेठीला धरायला लागला. ते मी मुकाट भोगलं. त्याचाही काटा काढता आला असता, शक्यता 80 टक्क्यांच्या वर दिसत होती. पोरगा वाढत गेला. बाराव्या-तेराव्या वर्षी त्याच्या चित्राकडं पाहिलं आणि तेच कपाळ, तेच जरा पुढं आलेले कान. सोळा वर्षांचा झाल्यावर त्याच्या बापाचे सगळे परगणे त्याला परत दिले. राज्य कमजोर झालं, पुढच्याच वर्षी बाकीच्या मांडलिकांनी उठाव केला आणि मी एक मोठी लढाई हरलो. थोरला दारूनं गेला, बावन्नाव्या वर्षी.

आता मी त्याच्या मुलाच्या अंगात आहे, साल 1143. त्याला दोन मुलगे झालेत, तिसरं होणार आहे. नावाचा रकाना समोर आला की मी काही लिहीत नाही. खेळ जे सुचवतो तेच ठेवतो.